धुरा कास्तकाराचा, मुनारा सरकारचा. मधली पट्टी कुणाची?

धानाची कापणी-मळणी आटोपली की आमच्या भागात धुऱ्यावर दोन प्रकारची माणसं दिसू लागतात. एक सोयरिकीसाठी शेत पाहायला आलेली, नि दुसरी मोजणीची यंत्रं घेऊन आलेली. पहिल्यांचा निकाल आठ दिवसांत लागतो. दुसऱ्यांचा लागेलच याची खात्री नाही. आणि शेताच्या एका बाजूला जंगल असेल, तर माणूस म्हातारा होईस्तोवर वाट पाहू शकतो.

मागच्या हंगामात बल्लारपूर तालुक्यातल्या एका गावी अशाच एका मोजणीला उभं राहण्याचा योग आला. गावाचं नि कास्तकाराचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. म्हाताऱ्याला पाच एकर. तीन बाजूंनी शेजाऱ्यांचे धुरे, चौथ्या बाजूला जंगल. त्या चौथ्या धुऱ्यावर सागाची तीसेक झाडं, पोराचं शिक्षण नि पोरीचं लग्न एकदाच उरकतील अशी. मालकी तोडीचा अर्ज केला तेव्हा कळलं की झाडं ज्या पट्टीत आहेत ती पट्टी कुणाची हेच ठरलेलं नाही. भूकरमापक म्हणाला, गावनकाशाप्रमाणे हद्द इथं पडते. वनरक्षक वीस पावलं शेताकडं सरकला नि म्हणाला, आमच्या नकाशाप्रमाणे इथं. तलाठ्यानं (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावाच्या तोंडी तलाठीच) सातबारा काढला. त्यात क्षेत्र बरोबर पाच एकर, पण क्षेत्र म्हणजे काही हद्द नव्हे.

म्हातारा म्हणाला, "साहेब, हे सागवान माह्या बापानं लावलं जी. जंगलाचं असतं तं असं एका ओळीत उगवलं असतं का?"

वनरक्षक पोरगा भला होता. तो हसून म्हणाला, "काका, आमचं रोपवनही ओळीतच असते."

यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं. पंचनामा झाला, सह्या झाल्या, चहा झाला. झाडं जिथल्या तिथं उभी आहेत.

ज्या तालुक्यात हे घडलं त्याच तालुक्याच्या गावी बल्लारशाहचा लाकूड डेपो आहे. अयोध्येच्या मंदिराला नि दिल्लीच्या नव्या संसद भवनाला चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान गेलं, याचा आम्हाला अभिमान आहे. पण ज्याच्या धुऱ्यावर तेच सागवान उभं आहे त्याला ते कापता येत नाही, आणि का येत नाही याचा लेखी निकालही मिळत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हा निकाल देणं सरकारचं काम आहे. कास्तकारानं जन्मभर पुरावे गोळा करत बसावं, हे काही त्याचं काम नव्हे.

हा घोळ आजचा नाही. आपला मुलूख १९५६ पर्यंत आधी मध्यप्रांतात नि मग मध्यप्रदेशात होता. इंग्रजांच्या बंदोबस्तात गावाची पडीत मालगुजाराकडं गेली, त्यापलीकडचं जंगल सरकारनं राखून ठेवलं. अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांचं जंगल जमीनदाराकडं राहिलं. पुढं १९५० च्या कायद्यानं मालगुजारी-जमीनदारी गेली आणि १९५१ साली ही सगळी जंगलं, पडीत, तळे-बोड्या सरकारजमा झाल्या. सरकारजमा झाल्या खऱ्या, पण सरकारातल्या कोणत्या खात्याकडं? महसुलानं निस्तार पत्रकात नोंद केली, वनखात्यानं आपल्या नकाशावर हिरवा रंग दिला. दोघांनी एकमेकांना विचारलं असतं तर आज मला हा लेख लिहावा लागला नसता. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, १ मे १९६० ला महाराष्ट्रात, २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. दर वेळी दप्तरांचे गठ्ठे एका कचेरीतून दुसरीत गेले. कोणत्या गठ्ठ्याला वाळवी लागली नि कोणता वाटेत राहिला, ते त्या गठ्ठ्यांनाच ठाऊक.

नर्मदेपर्यंतच्या पट्ट्यातही हीच कथा आहे. मध्यप्रदेश नि छत्तीसगडात महसूल व वन अशा दोन्ही खात्यांच्या दप्तरात चढलेल्या जमिनीला 'नारंगी' क्षेत्र म्हणतात. पन्नास-साठ वर्षं झाली, तिथंही ते निस्तरणं चालूच आहे. म्हणजे दुखणं जुन्या मध्यप्रांताचं आहे; एकट्या चंद्रपूरच्या कुणा साहेबाच्या डोक्यावर त्याचं खापर फोडून उपयोग नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. भारतीय वन अधिनियम १९२७ चा. राखीव वन करायचं तर कलम ४ ची अधिसूचना निघते. तिच्यात हद्द शक्य तितकी सांगायची. रस्ता, नदी, डोंगराची धार अशा सहज कळणाऱ्या खुणांनी सांगितली तरी चालते. मग कलम ६ चा जाहीरनामा गावोगावी, लोकांच्या भाषेत, आणि हक्क सांगायला किमान तीन महिन्यांची मुदत. चौकशी संपली की कलम २० ची शेवटची अधिसूचना, तिच्यात मात्र हद्द नक्की करून सांगायची. कागदावर व्यवस्था चांगली आहे. संरक्षित वनाची गोष्ट निराळी. कलम २९ सांगते की लोकांच्या हक्कांची चौकशी करून नोंद झाल्याशिवाय संरक्षित वन जाहीर करू नये. पण त्याच कलमाला एक शेपूट आहे: चौकशीला फार वेळ लागणार नि तोवर जंगल धोक्यात येणार असं सरकारला वाटलं, तर आधी जाहीर करा, चौकशी मागाहून करा. ते 'मागाहून' कितीतरी गावांत अजून उजाडलेलं नाही.

खुणांचंही असंच. अधिसूचनेत 'पूर्वेस नाला' लिहिलं. वर्धेला मिळणारे आमचे नाले काही सिमेंटचे नाहीत. पुरात एक नाला शंभर फूट सरकला की कास्तकाराची जमीन जंगलात जाते की जंगल कास्तकाराकडं येतं?

नकाशाचा मुद्दा जरा खोलात सांगतो, कारण निम्मी भांडणं तिथं आहेत आणि गावात त्यावर कुणी बोलत नाही. आपला जुना गावनकाशा सोळा इंची, म्हणजे जमिनीवरचा एक मैल कागदावर सोळा इंच. वनखात्याच्या कार्य आयोजनेचे नकाशे चार इंची असत, आणि काही त्याहून बारीक, एक इंची. आता नकाशावरची हद्दीची रेघ पेनानं काढलेली, जाडी धरा अर्धा मिलिमीटर. सोळा इंची नकाशावर ही रेघ जमिनीवर दोन मीटर रुंद होते, म्हणजे साडेसहा फूट. चार इंची नकाशावर तीच रेघ आठ मीटर, सव्वीस फूट. एक इंचीवर बत्तीस मीटर, शंभर फुटांच्या वर. दोनशे मीटर लांबीचा धुरा असेल तर चार इंची नकाशाच्या नुसत्या रेघेखाली सोळा आर जमीन झाकली जाते. एक इंचीवर चौसष्ट आर, दीड एकराच्या वर! त्या म्हाताऱ्याची वीस पावलं याच रेघेत कुठंतरी आहेत. वनरक्षक खोटं बोलत नव्हता, भूकरमापकही नव्हता. दोघांच्या हातात वेगवेगळ्या जाडीच्या रेघा होत्या.

आता नवी यंत्रं आली. उपग्रहाच्या आधारे चालणारे रोव्हर आले, त्यासाठी राज्यात ७७ ठिकाणी कायमची केंद्रं बसवली गेली. मोजणी सेंटिमीटरपर्यंत अचूक झाली म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण जाड रेघेचा जुना नकाशा संगणकात चढवून त्याच्यावर सेंटिमीटरचं यंत्र चालवलं, तर चूक सेंटिमीटरपर्यंत अचूक होते, एवढंच. यंत्र लावण्याआधी दोन्ही खात्यांनी कोणता कागद मूळ धरायचा हे लिहून घेतलं पाहिजे. ते न करता शेतात उतरणं म्हणजे बैलाआधी बंडी हाकणं.

कास्तकाराच्या मानेवर खरं जू ठेवलं आहे ते वन अधिनियमाच्या कलम ६९ नं. वनोपज सरकारचं आहे की नाही असा प्रश्न उभा राहिला, तर ते सरकारचंच आहे असं आधी गृहीत धरायचं. नाही हे समोरच्यानं सिद्ध करायचं. चोरट्या लाकडासाठी हा नियम ठीक असेल. पण धुऱ्यावरच्या झाडाला तो लावला की होतं असं: हद्दीचा नकाशा सरकारच्या कपाटात, मुनाऱ्यांची नोंद सरकारच्या कपाटात, अधिसूचना सरकारच्या राजपत्रात, आणि पुरावा आणायचा पाच एकरवाल्यानं. हे बरोबर नाही, आणि बरोबर नाही हे खात्यातले जुने लोकही खासगीत मान्य करतात.

आता उलटी बाजू सांगतो, नाहीतर कास्तकार बंधू माझी पाठ थोपटायला येतील. दर वर्षी नांगराचं एक तास जंगलाकडं सरकवणारे आपल्यात कमी नाहीत. वर्षाला एक फूट म्हटलं तर तीस वर्षांत तीस फूट. मुनाऱ्याचे दगड कुणाच्या गोठ्याच्या पायात सापडतात हे सगळ्या गावाला माहीत असतं. वनसीमेची खूण हलवली तर कलम ६३ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि महसूल संहितेतही भूमापनाची निशाणी मोडल्यास दंड आहे. ज्यानं दगड हलवला त्याच्यामुळं ज्यानं नाही हलवला तोही चोर ठरतो. संयुक्त मोजणीत दगड सापडत नाही तेव्हा नुकसान बहुतेक प्रामाणिक माणसाचंच होतं.

जबरानजोत हा आणखी वेगळा विषय आणि तो यात मिसळू नये. जबरानजोतवाला म्हणतो, जमीन जंगलाची आहे पण मी कसतो, मला द्या. धुऱ्याच्या वादातला कास्तकार म्हणतो, जमीन माझीच आहे. दोघांचे रस्ते निराळे. पण गावात सल्ला देणारे पुष्कळ. "वनहक्काचा दावा टाकून दे, मिळून जाईल," असं सांगतात. थांबा, भाऊ. २००६ च्या वनहक्क कायद्यात दावा टाकणं म्हणजे ही वनजमीन आहे असं आपल्या सहीनं कबूल करणं. आदिवासी कास्तकाराला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवावा लागतो. बिगर आदिवासीला त्याशिवाय तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. तो दाखवता आला नाही, दावा फेटाळला गेला, की हातातला सातबाराही वादात आणि कबुलीजबाब फायलीत. ज्याच्या जमिनीचा पट्टा सरकारनंच दिला आणि नंतर ती वनजमीन निघाली, त्याच्यासाठी मात्र त्या कायद्यात कलम ३(१)(छ) आहे, पट्ट्याचं हक्कात रूपांतर करण्याचं. तिथंही रहिवासाची अट सुटत नाही. तेव्हा आपलं प्रकरण कोणत्या खान्यात बसतं ते आधी पाहा, मग अर्ज लिहा.

झुडपी जंगलाचं तर विचारूच नका. सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' अशी नोंद आणि जागेवर शाळा, आबादी, स्मशान, नाहीतर नुसता माळ. पूर्व विदर्भात अशी ८६ हजार हेक्टरच्या वर जमीन. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की ही जमीन वनजमीनच समजायची. मात्र १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्यानं रीतसर वाटप केलेल्या जमिनी केंद्राच्या मंजुरीनं यादीतून काढण्याचा मार्ग ठेवला आणि त्यासाठी पर्यायी वनीकरणाची अट लावायची नाही असं सांगितलं. दुसरीकडं अतिक्रमणं काढायला प्रत्येक जिल्ह्यात विशेष कार्यदल आणि दोन वर्षांची मुदत. निकाल मला पटतो. पण अतिक्रमण काढण्याआधी ते अतिक्रमण आहे हे ठरलं पाहिजे, आणि ते ठरवायला हद्द ठरली पाहिजे. कार्यदलाच्या गाडीत आधी भूकरमापक बसावा, जेसीबी मागाहून यावा.

मोठ्या लोकांची गोष्ट सांगतो. मुंबईकडं मुलुंडसारख्या भागात हजारो सदनिकांच्या सातबाऱ्यावर अचानक 'खासगी वन' अशी नोंद चढली. आधार कोणता? १९५० च्या दशकात काढलेल्या नोटिसा आणि १९७५ चा खासगी वने संपादन कायदा. प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं आणि ३० जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नुसती नोटीस काढून कपाटात ठेवली म्हणून जमीन वन होत नाही. उत्तम झालं. पण त्यांच्या बाजूला बडे बिल्डर होते, बडे वकील होते. कोठारी-धाब्याच्या कास्तकारानं नोटीस बजावली होती की नाही एवढं शोधायला किती खेटे घालायचे?

मग करायचं काय? महसूल संहितेत, १९६६ च्या, कलम २० आहे. एखादी मालमत्ता सरकार आपली म्हणतं किंवा कुणी माणूस सरकारविरुद्ध आपली म्हणतो, तेव्हा जिल्हाधिकारी किंवा भूमापन अधिकारी रीतसर नोटीस देऊन चौकशी करू शकतो आणि लेखी आदेश देऊ शकतो. वनखातं म्हणेल, राखीव वनाची हद्द बदलण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला नाही. कबूल. पण अधिसूचनेतली हद्द जागेवर नेमकी कुठं पडते हे शोधणं म्हणजे हद्द बदलणं नव्हे. हे कलम आज एकेका अर्जावर, आणि अर्जदारात दम असला तरच, चालतं. माझी मागणी अशी की जिल्हाधिकाऱ्यांनी जंगलाला लागून असलेल्या गावांची यादी करून गाववार ते स्वतःहून लावावं. एका गावाची संपूर्ण वनसीमा एकदाच चालायची: वनपाल, भूमी अभिलेखचा माणूस, तलाठी, कोतवाल, धुऱ्याचे सगळे खातेदार, आणि गावातले दोन म्हातारे ज्यांनी जुने मुनारे पाहिले आहेत. एका खातेदारासाठी तीन खात्यांना गोळा करायला वर्ष जातं. तेवढ्याच खटपटीत चाळीस खातेदारांचं काम होईल, आणि शेजारी-शेजारी वेगवेगळ्या रेघा पडणार नाहीत.

हे दिवास्वप्न नव्हे. सामूहिक वनहक्कासाठी आपल्याच भागातल्या गावांनी आपली पारंपरिक सीमा चालून काढली. मेंढा-लेखाला २००९ मध्ये अठराशे हेक्टरच्या आसपास जंगलाचा हक्क मिळाला, आपल्या जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हजारावर हेक्टरचा. शेजारच्या गावाचा दावा आडवा आला तर दोन्ही ग्रामसभांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसायचं, असं वनहक्काच्या नियमातच लिहिलं आहे. ज्यांना अक्षर येत नाही अशा माणसांनी नाला, पाहाड, मोहाचं झाड दाखवून सीमा सांगितली. गावाची सीमा अशी ठरते तर धुऱ्याची का ठरू नये?

हे होईल तेव्हा होईल. तोवर कास्तकारानं घरी बसू नये. १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखाची नक्कल काढा, तिच्यावरचा जुना खसरा नंबर नि आजचा भूमापन क्रमांक यांचा ताळमेळ लावून घ्या. अर्धी प्रकरणं इथंच फसतात. निस्तार पत्रकाची प्रत घ्या. वनविभागाकडं माहितीच्या अधिकारात तीन कागद मागा: अधिसूचना चतुःसीमेसह, आपल्या धुऱ्याला लागलेल्या कक्षाचा नकाशा, आणि सीमास्तंभांची नोंद. नकाशा कोणत्या प्रमाणाचा आहे ते खाली लिहिलेलं असतं, तेवढं बघा. मोजणी पटली नाही तर तिथं आरडाओरड करू नका. 'क' प्रत घ्या आणि निमताना मोजणीचा अर्ज टाका, तीही पटली नाही तर सुपर निमताना. कलम २० चा आदेश विरुद्ध गेला तर दिवाणी दाव्याला एका वर्षाची मुदत असते, आणि सरकारवर दावा करण्याआधी दोन महिन्यांची नोटीस लागते. म्हणजे दहा महिनेच हातात आहेत असं समजा. कितीतरी चांगली प्रकरणं 'पाहू पुढच्या हंगामात' म्हणता म्हणता मुदतीबाहेर गेली.

तलाठी नि वनरक्षक बंधूंनाही एक विनंती. वाद सुरू असताना त्या पट्टीत कास्तकारानं नवा नांगर घालू नये, आणि खात्यानं तिथं रोपवनाचे खड्डे खोदू नयेत. दोन्ही गोष्टी होताना मी पाहिल्या आहेत. जून महिन्यात अर्धवट मोजणीच्या शेतात एका बाजूनं सोयाबीन नि दुसऱ्या बाजूनं सागाची रोपं. आणि डुकरांनी दोन्ही खाल्ली. नुकसानभरपाईला गेले तेव्हा पहिला प्रश्न तोच, जमीन कुणाची? वनजमिनीवर अवैध शेती केलेल्याला भरपाई मिळत नाही, आणि ही अवैध की वैध हेच तर ठरायचं होतं. वाघाच्या भीतीनं कुंपण घालायचं म्हटलं तरी अडचण तीच. कुंपण धुऱ्यावर घालतात, आणि धुराच वादात.

म्हाताऱ्याच्या निमताना मोजणीची तारीख लागली आहे. त्यानं अधिकार अभिलेखाची नक्कल काढली, वनविभागाकडून कक्षाचा नकाशा मिळवला. चार इंची निघाला. या वेळी भूकरमापक यंत्र लावायच्या आधी दोघांच्या सह्या एका कागदावर घ्यायच्या, मूळ नकाशा कोणता धरणार म्हणून, असं त्यानं ठरवलं आहे. सही देतील का, विचारलं. म्हणाला, "चहा तं पेतेत न जी. सहीबी देतीन."